एक ना धड, भाराभर केंद्रं

अभिनंदन! गावातलं जुन्या वस्तूंचं दान-केंद्र ओसंडून वाहतंय, म्हणून आणखी सात केंद्रं उघडायचं ठरलंय आणि त्या समितीवर तुमची वर्णी लागलीय. पहिल्याच बैठकीत कुणीतरी विचारेल, की आहे त्या केंद्रातलं सामान बाहेर का जात नाही, ते आधी बघायचं का? त्याला लगेच उपसमितीवर घ्या. उपसमितीत गेलेला माणूस वर्षभर सापडत नाही.

आता फलक. तो दुरून दिसेल एवढा मोठा हवा. फक्त त्यावर 'काय घेतो आणि काय घेत नाही' ही यादी नको. देणाऱ्याचं मन मोडतं. धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. घेणाऱ्याने मोजू नयेत हे ठीक, पण देणाऱ्यांनी तरी ते कधी मोजलेत?

मी दोन वर्षं दर रविवारी अशा एका केंद्रावर पिशव्या सोडायचं काम केलं, त्या हक्काने सांगतोय. एका पिशवीतून प्लास्टिकच्या डब्यांची एकवीस झाकणं निघाली. डबा एकही नाही. मागाहून डबे येतील म्हणून आम्ही ती जपून ठेवली. तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका घरातून आली ती आणखी नऊ झाकणं. मिक्सर आला तो भांड्याविना. बूट आला, नुसता डावा. कपड्यांच्या भल्यामोठ्या गाठोड्यात कुणीतरी एक ओला टॉवेल खुपसला होता. गाठोडं सोडायला मंगळवार उजाडला, तोवर बुरशीने सगळ्या कपड्यांना समान न्याय दिला होता. आणि बंद पडलेल्या इस्त्रीला सुबक अक्षरात चिठ्ठी: 'थोडी दुरुस्ती केली की उत्तम चालेल.' ती थोडी दुरुस्ती तुम्ही का नाही केलीत, हे विचारायचं नसतं. दानात आशीर्वादासारख्या सूचनाही येतात.

तेव्हा निवड करणारी माणसं नेमायच्या भानगडीत पडू नका. ती आली की पगार आला, वायर तपासणारा आला आणि मग अर्धं सामान दारातूनच परत जाऊ लागलं. मग उद्घाटनाच्या फोटोत मागे काय दिसणार? पार्टिकल बोर्डचं कपाट बिनदिक्कत घ्या. एकदा खोलून पुन्हा जोडलं की त्यात स्क्रू धड धरत नाहीत, पण जागा छान भरते. एकदा आपटलेलं हेल्मेट तर दर्शनी मांडा. आतला फोम एकदा दबला की दबला, पण वरून काय चमकतं! गादीला नाही म्हणूच नका. केंद्रात सामानाची नीट विभागणी फक्त ढेकणांना जमते. ते एका गादीतून निघून प्रत्येक फडताळात आपापली माणसं बसवतात.

वेळ ठेवा कामाच्या दिवशी अकरा ते चार. त्या वेळात नोकरदार येऊ शकत नाही, म्हणून रात्री गुपचूप शटरबाहेर सामान ठेवून जातो. मग पाऊस येतो. सकाळी निवडण्यासारखं काही उरतच नाही, सगळं थेट कचरागाडीत. गाडीचं भाडं अर्थातच केंद्राने भरायचं.

बैठकीत कुणी एस्किलस्टुनाचं नाव काढलं तर चटकन विषय बदला. स्वीडनमधल्या या गावाने 2015 साली पुनर्वापर केंद्राच्या शेजारीच जुन्या वस्तूंचा मॉल उघडला. लोक सामान आणून देतात, माणसं ते निवडतात, मग ज्या-त्या दुकानाकडे जातं, दुरुस्त होतं, विकलं जातं. म्हणजे आत येण्याआधीच बाहेर जायची वाट तयार! असल्या शिस्तीने कार्यकर्त्यांचा उत्साह मावळतो. त्याहून जुना दाखला बोस्टनचा. तिथे एडगर हेल्म्स नावाच्या पाद्र्याने 1902 साली घरोघरून जुन्या वस्तू जमवल्या, त्या दुरुस्त करायला गरजूंनाच कामावर घेतलं आणि विक्रीतून त्यांची मजुरी दिली. त्यातूनच पुढे गुडविल ही संस्था उभी राहिली. पण त्या काळी फलक छपाई एवढी सोपी कुठे होती? बिचाऱ्यांना काम करावं लागलं.

अहवालाचं काय, ते मात्र नीट ऐका. 'किती टन जमा झालं' एवढा एकच रकाना ठेवा. 'किती सामान कुणाच्या घरी गेलं' हा रकाना आखलात तर तो भरावा लागेल. पुढच्या दाराने आलेली आणि चार महिन्यांनी मागच्या दाराने कचऱ्यात गेलेली खुर्चीही 'कचऱ्यापासून वाचवलेली' म्हणूनच मोजायची. चार महिने वाचलीच होती की ती!

आणि कुणी काही न्यायला आलंच, तर गडबडू नका. आमच्याकडे एकदा एक बाई आल्या. नवी खोली लावत होत्या. एक टेबल, दोन बादल्या आणि एखादा झाकणाचा डबा, एवढंच हवं होतं. टेबल होतं, चांगलं सागवानी. पण ते सगळ्यात मागच्या भिंतीला, पुढे अकरा गाद्यांची थप्पी आणि थप्पी हलवायला मी एकटा. बादल्या कुठल्याशा गाठोड्याखाली असाव्यात. मी म्हटलं, "ताई, लवकरच सात नवी केंद्रं उघडतायत, तिथे बघा." पण रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून झाकणांची पिशवी पुढे केली. त्यांनी एक निळं झाकण उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं,

"याचा डबा कितव्या केंद्रावर येणार आहे?"