मारव्याचा षड्ज आणि केबलची पारख : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

ध्वनियंत्रांची पारख करत संगीत ऐकण्याच्या रीतीविषयीच्या माझ्या मागील लेखावरील आपल्या सविस्तर प्रतिक्रियेत तीन आक्षेप आहेत. उत्तम ध्वनियंत्रणेचा छंद जोपासणाऱ्यांची मी थट्टा केली, हा पहिला. अँप्लिफायर आणि स्पीकर जोडणारी केबल बदलल्याने पडणारा फरक ज्यांना जाणवत नाही त्यांचे कान तयार नाहीत, हा दुसरा. आणि चांगल्या यंत्रणेवाचून संगीत खऱ्या अर्थाने ऐकलेच जात नाही, हा तिसरा. तिसऱ्यात बरेच तथ्य आहे, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

तानपुऱ्याची जवारी, म्हणजे त्याच्या तारांतून उमटणारी भरीव गुंज, ही मुख्यतः वरच्या स्वरांशांची (मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या उंच कंपनांची) करामत असते. सुमार स्पीकरवर तिची नुसती भणभण उरते आणि ज्या नादात गायक आपला स्वर मिसळत असतो, तो नादच श्रोत्यापर्यंत पोहोचत नाही. चांगल्या यंत्रणेवर गळ्यामागचे दोन तानपुरे वेगवेगळे उमगू लागतात, आणि त्यासाठी कोणी पदरचे पैसे मोजले तर त्याला वेडा म्हणण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. मात्र ‘ऐकलेच जात नाही’ हे आपले विधान फार पुढे जाते. गायिका केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ती जुन्या तबकडीवरची, जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे. ७८ आरपीएमच्या तबकड्यांची खरखर आणि मध्यम लहरींवरील आकाशवाणीचा, वरचे स्वरांश कापले गेलेला आवाज यांतूनच आपल्याकडच्या कित्येक जाणकारांचे कान घडले, हे कसे विसरावे?

आता केबलविषयी. अडीच चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची साधी तार तीन मीटर अंतरासाठी वापरली, तर जाऊन-येऊन सहा मीटरचा तिचा रोध सुमारे ०.०४ ओहम भरतो. आठ ओहमच्या स्पीकरपुढे त्यामुळे होणारी घट ०.०५ डेसिबलच्या आसपास असते, आणि एवढा फरक ओळखणारा कान मला तरी ठाऊक नाही. याउलट तुलनेतील एखादा अँप्लिफायर अर्ध्या डेसिबलने जरी मोठा वाजत असेल, तरी आवाज वाढल्याचे जाणवण्याऐवजी तो ‘अधिक मोकळा’, ‘अधिक खोल’ वाटू लागतो. म्हणून स्पीकरच्या टोकांशी मल्टिमीटर लावून दोन्हींची पातळी आधी समान करावी आणि अदलाबदल दुसऱ्या कोणाला करायला सांगून, काय जोडले आहे ते न पाहता ऐकावे, एवढीच माझी सूचना होती. किंमत ठाऊक असली की प्रत्येकाचाच कान थोडा पक्षपाती होतो, माझाही होतो. यात थट्टा कोणाची आहे, हे मला समजलेले नाही.

माझा खरा आक्षेप पैशाला नाही. तो पारखीसाठी ऐकण्याच्या रीतीला आहे, आणि आपल्या प्रतिक्रियेत नेमका त्याचाच उल्लेख नाही. दोन यंत्रांची तुलना करायची तर लहान तुकडाच घ्यावा लागतो, कारण ध्वनीच्या पोताची स्मृती फार काळ टिकत नाही. हे तंत्र म्हणून बिनचूक आहे; पण ख्याल ऐकण्याची रीत याच्या नेमकी उलट आहे. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ यांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी हे राग असलेली एलपी तबकडी घ्या. मारव्यात पंचम (प) वर्ज्य. कोमल ऋषभ (रे) आणि धैवत (ध) यांच्याभोवती सारी बढत, म्हणजे रागाचा क्रमाक्रमाने होणारा विस्तार, फिरते आणि षड्जावर (सा) विसावणे पुन्हा पुन्हा टाळले जाते. तानपुऱ्यात तोच षड्ज अखंड वाजत असतो, गळा मात्र त्याला बगल देत राहतो, आणि या ताणातून जी अस्वस्थता साचत जाते तीच रागाचे मर्म आहे. मग केव्हातरी गळा षड्जावर येतो. ज्याने चाळिसाव्या सेकंदाला अँप्लिफायर बदलला, त्याच्या कानावर पुढे तो षड्ज पडला तरी तो केवळ एक स्वर असतो, कारण त्याची वाट पाहणे त्याने केलेलेच नसते. तीन-चार मिनिटांच्या चित्रपटगीताचे यात फारसे बिघडत नाही, हे मान्य. संथ लयीतल्या विलंबित ख्यालाचे मात्र सगळेच बिघडते.

‘पारख आणि आस्वाद दोन्ही एकाच माणसाला साधतात’ असे आपण लिहिले आहे. अवश्य साधतात, पण एकाच बैठकीत नव्हे. माझ्या परिचयातील अनेक शौकिनांना ठराविक ध्वनिमुद्रणांतील तबल्याची पहिली थाप आणि गायकाचा श्वास मुखोद्गत आहेत. त्याच ध्वनिमुद्रणांतील रागाचा द्रुत (जलद लयीचा) भाग मात्र त्यांनी वर्षानुवर्षे ऐकलेला नाही.

शेवटी, डग्गा (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा भाग) फार घुमतो म्हणून नवा डॅक (डिजिटल संकेताचे विद्युतध्वनीत रूपांतर करणारे यंत्र) घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते घेऊ नये. आपली खोली आठ फूट रुंद आहे. समोरासमोरच्या भिंतींमध्ये एवढे अंतर असले की ७० हर्ट्झच्या सुमारास अनुनाद होतो आणि त्या टापूतला नाद फुगतो. डॅक कितीही महाग असला तरी त्या भिंती जागच्या हलत नाहीत. प्रथम स्पीकर मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्या आणि स्वतःची खुर्चीही भिंतीला टेकलेली असेल तर पुढे ओढा. एवढे करूनही घुमारा कमी झाला नाही, तर खोलीची लांबी व उंची कळवा. पुढचे त्यावरून पाहू.