चाकं फिरली म्हणून बॅटरी भरत नाही : निपाणीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

मोटरहोमच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या, मागे बांधून ओढत नेलेल्या कारची बॅटरी का उतरते, या माझ्या लेखावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. निपाणीत आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग केलेला माणूस काही सांगतो तेव्हा ते दोनदा वाचावं लागतं, आणि मी वाचलं.

तुमचे आक्षेप तीन. एक, ही सगळी अमेरिकेतली चैन. बेळगाव-चिकोडीकडं मोटरहोमला कार बांधून कोण फिरतंय? दोन, कार ओढताना तिची चाकं फिरतातच, मग डायनामोही फिरणार आणि बॅटरी आपोआप भरणार. तीन, एवढं करून उतरतच असेल तर मायनसचं टर्मिनल काढून ठेवावं. दहा नंबरच्या पान्याचं काम, त्यासाठी चार्जर आणि वायरिंगचा खर्च लोकांच्या गळ्यात कशाला मारायचा?

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण गाडं तिथंच अडलंय. डायनामो चाकावर फिरत नाही, इंजिनच्या क्रँक पुलीवरच्या (इंजिनच्या मुख्य दांड्यावरच्या चाकावरच्या) पट्ट्यावर फिरतो. कार ओढताना गिअर न्यूट्रलला असतो, किंवा जीप रँग्लरसारख्या गाडीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) न्यूट्रलला. म्हणजे चाकं आणि इंजिन यांचा संबंधच तोडलेला. चाकं दिवसभर फिरोत, क्रँक जागचा हलत नाही, आणि क्रँक हलला नाही तर एक अँपिअरही तयार होत नाही. सायकलच्या टायरला घासणारा डायनामो आपण सगळ्यांनी वापरलाय, म्हणून ही समजूत इतकी घट्ट बसलेली असते. गिअर टाकून ओढली तर डायनामो फिरेल, हे खरं. पण मग गिअरबॉक्स आणि इंजिनचं जे होईल ते तुम्हाला मी सांगायला नको.

भरणं बंद असलं तरी खर्च मात्र चालू असतो, आणि माझ्या लेखाचा सगळा भर त्यावर होता. स्टेअरिंगचं लॉक सुटावं म्हणून बऱ्याच गाड्यांत किल्ली ॲक्सेसरीवर (इंजिन बंद, पण वीज चालू) ठेवावी लागते. त्या जागी किल्ली असली की आजच्या गाडीतले कंट्रोल युनिट जागे राहतात. ते दोन अँपिअर धरा. शिवाय ओढलेल्या कारमध्ये ब्रेक दाबायला कुणी नसतं, आणि इंजिन बंद असल्याने पेडलचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूमही मिळत नाही, म्हणून तिकडे ओढलेल्या कारच्या पेडलवर ब्रेक दाबणारं वेगळं यंत्र बसवतात. ते बऱ्याचदा कारच्याच बॅटरीवर चालतं. आता ते यंत्र जरा घट्ट बसलं आणि पेडल कायम किंचित दाबलेलं राहिलं तर? मागचे ब्रेकचे दिवे पेटलेलेच राहतात. २१ वॉटचे दोन बल्ब म्हणजे ४२ वॉट, म्हणजे साडेतीन अँपिअर. हे दिवे कारच्याच बॅटरीवर असतील तर दोन आणि साडेतीन मिळून साडेपाच अँपिअर, आणि आठ तासांत ४४ अँपिअर-अवर. छोट्या कारची अख्खी बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-अवरची असते. टेक्सासमधल्या माझ्या भाच्याची कार मुक्कामाच्या जागी संध्याकाळी नुसती टक्‌ टक्‌ करायची, सेल्फ काही घेत नव्हता. ती बॅटरी सदोष नव्हती, ती रिकामी झाली होती.

आणि तुम्ही तर जाणताच, सेल्फ मारायची बॅटरी अशी तळापर्यंत रिकामी करायला बनवलेलीच नसते. पातळ प्लेटा, क्षणभर मोठा करंट द्यायचा, लगेच पुन्हा भरून घ्यायची, एवढंच तिचं काम. मीटर लावल्यावर विश्रांतीतली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि १२ च्या खाली गेली की जवळपास संपलीच. तशी बरेच दिवस पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग कितीही चार्ज करा, पूर्वीची ताकद येत नाही. नवी बॅटरी वर्षभरात ‘गेली’ म्हणून गिऱ्हाईक कंपनीला शिव्या देतं, तेव्हा खरं कारण बऱ्याच वेळा हे असतं.

आता टर्मिनल काढण्याबद्दल. तुमचा उपाय चुकीचा नाही, पण प्रत्येक गाडीला चालणारा नाही. ज्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बॅटरीची जोडणी काढून ओढायला परवानगी आहे आणि ओढताना जिला विजेचं काहीच काम नाही, तिथं खुशाल काढा. रोज पाना घेऊन बसण्यापेक्षा ट्रकला असतो तसा कट-ऑफ स्विच बसवा. पण पेडल दाबणारं यंत्र कारच्या बॅटरीवर असेल तर टर्मिनल काढल्याबरोबर ब्रेकच गेला. बटण-स्टार्टच्या काही गाड्यांत स्टेअरिंगचं लॉक विजेवर चालतं. कुठल्या गाडीत नेमका एक फ्यूज काढायला सांगितलेला असतो. म्हणून मॅन्युअल आधी, पाना नंतर. मुळात ओढण्याची परवानगीही गृहीत धरू नये. अमेरिकेतली होंडा सीआर-व्ही २०१४ पर्यंत लोक सर्रास चारी चाकांवर ओढत होते. २०१५ ला तिच्यात सीव्हीटी (एक प्रकारचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स आला आणि ती सोय गेली.

बाकीच्या गाड्यांसाठी मी सुचवली होती ती चार्जिंगची वायर. मोटरहोमच्या इंजिनाकडून एक वायर मागच्या सॉकेटमधून कारच्या बॅटरीपर्यंत. यात मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे की फ्यूज दोन्ही टोकांना हवा. एरवी आपण बॅटरीजवळ एक फ्यूज टाकून मोकळे होतो, पण इथं वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे. मध्ये कुठं चॅसिसला घासून वायर सोलली गेली तर दोन्हीकडून करंट धावेल, आणि एकच फ्यूज असेल तर दुसरी बाजू जळत राहील.

नुसती वायर का पुरत नाही, हेही तुम्ही विचारलंय. हिशेब करून बघा. दहा मीटर जायला, दहा यायला, चार स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरमधून दहा अँपिअर नेले तर जवळजवळ पाऊण ते एक व्होल्ट वाटेतच खातो. पुढे १३.८ असतील तर मागे १२.९ पोचतात. उलटा करंट जाऊ नये म्हणून डायोड टाकलात तर आणखी थोडे कमी. एवढ्यावर बॅटरी तग धरेल, भरणार नाही. म्हणून कारच्या बाजूला छोटा डीसी-टू-डीसी चार्जर, जो कमी आलेले व्होल्ट वर उचलतो. वायर जाड घेतली तर त्याशिवायही भागू शकतं, आणि तसं केलंत तर माझी काही हरकत नाही. मी कुठल्याच कंपनीचं नाव घेतलं नव्हतं आणि आताही घेत नाही.

राहिला पहिला आक्षेप. आपल्याकडे धडधाकट कार अशी मागे बांधून फिरवायला नियमांत मुभा नाही. बिघडलेलं वाहन जवळच्या गॅरेजपर्यंत ओढता येतं, तेवढंच. पण ती बिघडलेली गाडी तरी काय वेगळी असते? चोर्ला घाटात भर पावसात बंद पडलेली कार दोरीने जांबोटीकडं आणताना किल्ली चालू, वायपर चालू, चारी इंडिकेटर लुकलुकताहेत, आणि डायनामो मात्र उभा. गॅरेजात पोचेपर्यंत मूळ बिघाडाच्या जोडीला बॅटरीही उतरलेली असते, मग मिस्त्री दोन तास भलतीकडंच शोधत बसतो. सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेत टेम्पोच्या बॅटरीवर रात्रभर बल्ब आणि मोबाइल लावून सकाळी धक्का मारणारी माणसं तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिली असतील. इंजिन बंद असताना बॅटरीवर किती भार टाकायचा, हा प्रश्न तिथंही तोच, आणि दिव्यांना वेगळी बॅटरी हा उपायही त्याच जातीचा. शिवाय बेळगाव-खानापूरची किती पोरं आज अमेरिकेत आहेत! हा लेख लिहायला त्यांच्याच विचारणांनी भाग पाडलं.

एक गोष्ट मात्र तुमच्या पत्रामुळे नव्याने लिहावीशी वाटते. आपल्याकडे कुणी बस किंवा ट्रकच्या चॅसिसवर राहायची गाडी बांधून घेतली तर ती बहुधा २४ व्होल्टची असते. तिथून १२ व्होल्टच्या कोणत्याही कामासाठी दोनातल्या एकाच बॅटरीवरून वायर काढू नये. ती एक बॅटरी कायम कमी भरलेली राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, आणि दोन्ही वेळेआधी जातात. मध्ये २४ ते १२ चा कन्व्हर्टर टाकायलाच हवा. असली कामं तुमच्या हातून झाली असणार. तुम्ही वायर कुठून नेली आणि फ्यूज किती अँपिअरचा टाकला ते लिहिलंत तर मूळ लेखात तुमच्या शब्दांत जोडतो.

तुमचा,
बेळगावकर