कॅमेरा बंद म्हणजे लक्ष नाही?

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चाललाय. पुण्यात शिकवणाऱ्या मैत्रिणीच्या कॉलेजने नियम काढला: ऑनलाइन तासाला कॅमेरा चालू नसेल तर हजेरी नाही. निम्म्या ग्रुपने त्याला टाळ्या वाजवल्या. "तोंड दिसल्याशिवाय चर्चा कसली?" हे वाचून माझं डोकंच फिरलं.

मी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला नोकरी सांभाळून ओपन युनिव्हर्सिटीची, म्हणजे इथल्या मुक्त विद्यापीठाची, पदवी करते आहे. ट्युटोरियल संध्याकाळी सातला. कॅमेरा कुणीच लावत नाही. ट्यूटर स्लाइडवर प्रश्न टाकते, सगळे चॅटमध्ये लिहितात, मग ती एकमेकांना छेद देणारी दोन उत्तरं उचलून "असं का?" विचारते आणि चर्चा पेटते. आमच्यातली रात्रपाळीची नर्स दोन दिवसांनी कोर्सच्या ऑनलाइन फोरमवर उत्तर लिहिते. ते सगळ्यांत विचारपूर्वक लिहिलेलं असतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची कारणं मांडली: इतक्या जवळून रोखलेल्या नजरा, सतत दिसणारा स्वतःचाच चेहरा, एका जागी खिळून बसणं, हावभाव पोचवायला लागणारे जादा कष्ट. एका खोलीच्या घरात, मागे आई पोळ्या लाटत असताना कॅमेरा लावायचा, हा जाच वेगळाच. चाळीस मिनिटं एकट्याने बोलून शेवटी "काही शंका?" विचारलं तर समोरासमोरच्या वर्गातही शांतताच असते, आपण सगळे त्याच वर्गांत बसलोय.

आणि असं घरून शिकणं आपल्याला नवीन आहे का? नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. माझी काकू घरचं सगळं आवरून रात्री त्यांची पुस्तकं वाचायची, रविवारी अभ्यास केंद्रावर जायची. तिच्या पदवीला नातेवाइकांनी नाकं मुरडली, याचा मला अजून राग आहे.

माझं म्हणाल तर सांगलीत मी वर्गात तावातावाने भांडायचे. इथे मीटिंगमध्ये माझं इंग्रजी वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. फोरमवर मात्र मला थांबता येतं, खोडता येतं, आणि लोक माझ्या उच्चारांऐवजी मुद्द्याला उत्तर देतात. इतक्या वर्षांत या देशात मी मोकळेपणी वाद घातला तो तिथेच. रविवारी आपला ग्रुप कॉल असतो तेव्हा मात्र कॅमेरा आधी मीच लावते आणि बाकीच्यांनाही लावायला लावते. तिथे मला काही शिकायचं नसतं, तुमची तोंडं बघायची असतात.

मैत्रिणीला मी लिहिलं, पाच-पाच जणांचे गट कर, प्रत्येक गटाला एक प्रश्न दे, हजेरी त्यांच्या लिखाणावरून घे. तिचं उत्तर आलं: "सत्तर मुलं आहेत. वाचणार कोण?" माझ्या ट्यूटरकडे आम्ही वीसेक जण आहोत. ग्रुपवर भांडायचंच असेल तर या आकड्यांवर भांडा.