पावणेआठ फुटांचं वल्हं

होडी घेतली तेव्हा वल्ही नव्हती. गोव्यात मांडवी नदीवरच्या नार्व्याच्या धक्क्याजवळ एकजण जुनी फायबरची चपट्या तळाची होडी विकत होता, बारा फुटी, स्वस्तात, आणि वल्ह्यांचं विचारलं तर म्हणाला ती काय कुठेही मिळतात. हे 'कुठेही' कुठे ते मला अजून सापडलेलं नाही.

ऑरेगनमधल्या भाच्याला फोटो पाठवला आणि तिथेच चुकलं. त्याच्या मते ही थेट ड्रिफ्ट बोटच. तिकडे मॅकेन्झी नावाची नदी आहे, खळाळती, दगडांची, तिच्यावर असल्या चपट्या तळाच्या, दोन्ही टोकं वर उचललेल्या होड्या ट्राउट मासे धरायला वापरतात. "मामा, वल्ही साडेनऊ फुटीच घ्या, ॲशच्या लाकडाची, हलकी आणि लवचिक." आता डिचोलीत ॲश कुठून आणू? सुताराकडे होतं माटी, म्हणजे आपलं ऐन, गोव्यातलंच झाड. मला अभिमानच वाटला. वल्ही तयार झाली आणि एक उचलून बघितलं तेव्हा अभिमान जाऊन खांदा दुखायला लागला.

नेणार कशी हा पुढचा प्रश्न. एका पायलटने, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याने, आडवी बांधून न्यायला साफ नकार दिला, दुसरा उभी धरायला तयार झाला, मी मागे बसून दोन्ही वल्ही आकाशाकडे धरलेली, वाटेत विजेच्या तारा आल्या की तो स्लो करायचा आणि मी देवाचं नाव घ्यायचो. धक्क्यावर गरी टाकून बसलेल्या म्हाताऱ्याने वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "हें वल्हें न्हय, वांसो!"

वासाच होता. होडीत बसलो तर दोन्ही मुठी एकमेकांवर आपटत होत्या, बोटं चेमटली, आणि पाती पार पलीकडे जाऊन खारफुटीत अडकली. मग रात्री हिशोब शोधून काढला (आधी शोधला असता तर हा लेख झाला नसता). वल्हं ज्यात अडकवतात त्या दोन कड्यांमधलं अंतर घ्यायचं, त्याचं अर्ध करायचं, दोन इंच मिळवायचे, हा झाला होडीच्या आतला भाग; त्याला पंचवीसने गुणून सातने भागायचं की पूर्ण लांबी. माझं अंतर 48 इंच, म्हणजे आत 26, आणि एकूण साधारण 93 इंच, पावणेआठ फूट. सुताराने मुठीकडून एकवीस इंच कापून नवी मूठ घडवली, पैसे मात्र पुन्हा घेतले. उरलेले दोन दांडके बायकोने माकडांसाठी दाराशी ठेवलेत, त्यांचा उपयोग वल्ह्यांपेक्षा जास्त होतो.

आणि खरी गंमत पुढेच. मॅकेन्झीवर नावाडी तोंड प्रवाहाच्या दिशेला करून बसतो आणि वल्ही मागे ओढून होडीचा वेग कमी करतो, नदी नेतेच, आपण फक्त आवरायचं. इथे मांडवीचं पाणी दिवसातून दोनदा उलटं फिरतं हे भाच्याला कोण सांगणार! मी पहिल्या दिवशी थाटात निघालो, ओहोटी होती, झक्क खाली गेलो, काळुंद्र मासा मिळाला नाही ते सोडा, पण परत यायला वळलो तर वीस मिनिटं तोच एक माड माझ्या शेजारी. जीव खाऊन ओढतोय, माड तिथेच. काठावरून कोणीतरी ओरडलं, "भरती येतली मरे, रांव थंय!"

मग थांबलो. खारफुटीला दोरी बांधून दोन तास बसलो, डासांनी माझी बैठक घेतली. पाणी फिरलं, दोरी सोडली, आणि होडी आपणहून मला घेऊन धक्क्याला आली, वल्ही आत ठेवलेली.

रात्री भाच्याचा मेसेज, "मामा, वल्ही कशी वाटली?"

म्हटलं, एकदम मस्त, येताना वाळली पण.