खोबरेल आणि गाडीची सीट : एका प्रतिक्रियेला उत्तर

'कातड्याला तेल लागतंच. माझ्या वडिलांनी आयुष्यभर फियाटच्या सीटला खोबरेल चोळलं, काही बिघडलं नाही. तुम्ही लोकांना घाबरवून दुकान चालवताय,' असं तुम्ही, सीटला खोबरेल लावू नका असं सांगणाऱ्या माझ्या मागच्या लेखाखाली लिहिलंत. शिवाय रंगकामाचा खर्च, फोटोंची कमतरता वगैरे तक्रारी. पटलं नाही तर जरूर सांगा. पण 'दुकान चालवताय' हे कशाच्या जोरावर? या ब्लॉगवर मी आजवर एका बाटलीचीही जाहिरात केलेली नाही. न ओळखणाऱ्या माणसाबद्दल असं लिहिताना थोडा विचार करायला हवा होता.

वडिलांचा विषय तुम्ही काढलात म्हणून सांगतो. माझे वडील कुर्ल्याला सीएसटी रोडवर सीटकव्हरं शिवायचे. शाळा सुटली की मी तिथेच. उसवलेलं लेदर उलटं करून ते मला आतली तंतुमय बाजू दाखवायचे आणि मग वरचा रंगाचा थर नखाने खरवडायला लावायचे. सीट मी तिथे शिकलो. आणि पद्मिनीच्या, म्हणजे त्याच फियाटच्या, सीटा बहुतेक रेक्झिनच्या असायच्या, कापडावर चढवलेल्या पीव्हीसी प्लास्टिकच्या. तेव्हा वडिलांचं खोबरेल मुळात कातड्याला लागत होतं का, ते आधी घरी विचारा.

कातड्याला तेल लागतं हे खरंच आहे, पण ते कारखान्यातच दिलेलं असतं. क्रोमने कमावलेलं निळसर कातडं तासून सारख्या जाडीचं करतात, मग मोठ्या फिरत्या ड्रममध्ये रंग आणि पाण्यात मिसळलेलं तेल तंतूंत मुरवतात. त्यानंतर वर रंगाचे थर, आणि सगळ्यांत वर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा. गाड्यांतलं बहुतेक लेदर असंच असतं. सीटवर पाण्याचा थेंब टाका, तो तसाच उभा राहील. जिथे पाणी शिरत नाही तिथे तुमचं खोबरेल कुठून शिरणार? ते वरच राहतं, धूळ धरतं, शिवणीच्या भोकांतून आत उतरतं आणि पावसाळ्यात बुरशीला आयतं खाणं मिळतं. पुढे ड्रायव्हरच्या सीटचा कडेचा उंचवटा तडकला, की त्या तेलकट जागेवर नवा रंग धरत नाही, पोपडे निघतात. मग आधी तेल उतरवा, हलका पॉलिश पेपर मारा, भेगा भरा, मग रंगाचे पातळ हात आणि वरून लॅकर, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर. खर्च तिथेच वाढतो.

एवढं मान्य करतो, की वर थर नसलेलं ॲनिलीन लेदर असतं आणि ते तेल शोषतं. पण ते फारच थोड्या, महागड्या गाड्यांत. आणि त्यालाही स्वयंपाकघरातलं खोबरेल मी लावू देणार नाही.

खर्च आणि फोटो यांवर वाद घालायला मला वेळ नाही. लेदरबद्दल काहीही विचारा, उत्तर देईन. माझ्या हेतूवर पुन्हा लिहिलंत तर मात्र ती प्रतिक्रिया काढून टाकीन.