करड्या पँटचा हत्ती

कापडाचा हत्ती शिवणे आणि गोधडी शिवणे ही दोन्ही कामे एकाच सुईने होत असली, तरी त्यांचे एकमेकांशी अजिबात पटत नाही. गोधडीला सगळे सपाट लागते. जमिनीवर कापड पसरावे, कोपऱ्यांवर वजने ठेवावीत आणि मांडी घालून धावदोरा घालत सुटावे, असा तिचा संथ आणि सरळ स्वभाव असतो. हत्तीला मात्र सपाट असे काही ठाऊकच नसते. त्याच्या कपाळावर दोन उंचवटे असतात, पोटाला घेर असतो, सोंड खालच्या टोकाशी निमुळती होत जाते, आणि हे सगळे उंचसखल प्रकरण आधी सपाट कापडावर आखून, कापून, उलट्या बाजूने शिवून, शेवटी पोटाशी राखलेल्या चार बोटांच्या फटीतून ओढून सुलटे करायचे असते. असे असतानाही भाचीच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला गोधडीकामाच्या कानांचा आणि गोधडीचीच झूल ल्यालेला हत्ती देण्याचे मी भर पंगतीत, पुरणपोळीनंतरच्या उदार मनःस्थितीत, जाहीर करून टाकले. भाचीच्या सासूबाईंनी ते लगेच मनावर घेतले, आणि माझा परतीचा मार्ग बंद झाला.

या कामाला थोर परंपरा आहे, हे घरच्यांना पटवून देण्यासाठी मी त्यांना मार्गारेटे श्टाइफ या जर्मन बाईंची हकीकत सांगितली. दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाल्यामुळे या बाईंचे पाय निकामी झाले होते आणि उजवा हातही धड साथ देत नसे. तरी त्यांनी शिवणकाम शिकून घेतले आणि १८८० मध्ये गिंगेन या आपल्या गावी टाचण्या टोचून ठेवण्यासाठी फेल्टचे छोटे हत्ती केले. ते मुलांनी खेळायला पळवले, त्यातून पुढे खेळण्यांचा कारखाना उभा राहिला, आणि १९०४ पासून तिथल्या प्राण्यांच्या कानात जे धातूचे बटण बसू लागले, त्यावरही सुरुवातीला हत्तीचेच चित्र होते. माझ्या सासूबाईंनी ही सगळी हकीकत लसूण सोलता सोलता ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "बाईचं कौतुकच आहे गं. पण तिनं तो टाचण्या टोचायला केला होता ना? मग तुझा बिघडला तरी वाया जायचा नाही."

श्टाइफबाईंच्या कथेतला एक तपशील मात्र मी घरात सांगितला नाही. फेल्ट हे मुळात विणलेले कापडच नसते. लोकरीचे तंतू दाबून ते बनवलेले असते, त्यामुळे कापल्यावर त्याच्या कडेचे दोरे सुटत नाहीत. माझ्या वाट्याला फेल्ट आले नव्हते. माझ्या वाट्याला आली होती यांची निवृत्तीपूर्वीची करडी पँट. कपाटात अशा चार पँटी वर्षानुवर्षे घडी घालून पडलेल्या होत्या आणि त्यांपैकी एकीचीही कमर यांना आता बसत नव्हती, परंतु कात्री कापडाला लागण्याच्या नेमक्या क्षणी हे खोलीत आले आणि ती पँट आपण नोकरीत कायम झालो त्या दिवशीची असल्याचे त्यांनी निक्षून सांगितले. जुनी पांढरी चादर घेण्याचा त्यांचा पर्याय, पांढरा हत्ती पोसण्याची आपली ऐपत नाही एवढ्या एका वाक्यात मी निकालात काढला. टेरिकॉटचा एक दुर्गुण मात्र तिथेच लक्षात आला. पंचवीस वर्षे इस्त्री खाल्लेली पुढची घडी कशानेही जात नव्हती. ओले फडके झाले, वाफ झाली, व्हिनेगर झाले, आणि अखेर ती घडी हत्तीच्या मागच्या पायावर तशीच राहिली. मागून पाहिले तर हत्ती कचेरीत निघाल्यासारखा दिसतो.

प्राण्याच्या कटिंगमध्ये खरी मेख असते ती डाव्या-उजव्याची. अंगाच्या दोन बाजू एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असाव्या लागतात, म्हणजे कागद एकदा सुलटा आणि एकदा उलटा ठेवून कापावे लागते. पोटाखालची पट्टी आतल्या पायांसकट वेगळी, कपाळापासून सोंडेच्या टोकापर्यंत जाणारी पट्टी वेगळी, तळपायांचे चार गोल वेगळे. शिवण्यापुरता जो अर्धा-पाऊण सेंटिमीटर सोडतो, त्यात गोलाईच्या ठिकाणी टिपेपर्यंत कातर द्यावी लागते, नाहीतर सुलटे केल्यावर तिथे कापड गोळा होते. माझा मुलगा संगणकावर काहीतरी फिरवून म्हणाला, की हे सगळे दोन मिनिटांत त्रिमितीत दिसते. दिसते हे खरेच आहे. सुलटे करायला मात्र त्रिमितीतली माणसे लागतात, आणि ती सगळी सोंडेच्या वेळी जमली.

शिवून झालेली सोंड ही आतून जेमतेम अंगठ्याएवढी रुंद नळी असते आणि ती स्वतःच्याच पोटातून बाहेर काढायची असते. मी विणकामाची सुई घेऊन बसले होते. थोड्याच वेळात नाडी घालायची सुई, पाटा पुसायची काडी, लाटणे आणि यांचा स्क्रू-ड्रायव्हर एवढी शस्त्रे माझ्याभोवती गोळा झाली. जो तो एकदा सोंड ढकलून पाहत होता आणि दुसऱ्याला सावकाश ढकलण्याचा सल्ला देत होता. स्क्रू-ड्रायव्हर सोडून बाकी सगळ्यांचा उपयोग झाला, हे मी यांना अजून सांगितलेले नाही.

गोधडीकामाची अडचण वेगळ्या जातीची आहे. वरचे कापड, मधला वॅडिंगचा, म्हणजे विकतच्या मऊ भरावाचा पातळ थर आणि खालचे अस्तर असे एकत्र धरून त्यावर ओळींनी टाके घातले, की प्रत्येक ओळ थोडे थोडे कापड खाते आणि तुकडा चारी बाजूंनी आक्रसतो. म्हणून कान आधी कापून मग त्यावर टाके घालणे हा शुद्ध वेडेपणा ठरतो. आधी ऐसपैस चौकोनावर गोधडीकाम करून घ्यायचे आणि नंतर त्यातून कान कापायचा. ओळी कशा घालायच्या याचाही मी विचार केला होता. हत्तीच्या कानात शिरांचे मोठे जाळे असते आणि कान हलवून तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो, तेव्हा टाके कानाच्या मुळापासून कडेकडे, शिरांसारखे फाकत जावेत असे मी ठरवले. सासूबाईंना ही रचना मान्य नव्हती. त्यांच्या मते गोधडीचा धावदोरा कडेने सुरू होतो आणि चौकोनात चौकोन करीत मध्यावर संपतो, आणि मध्ये विकतचा थर कशाला, दोन जुनी लुगडी घातली की झाले. वाद मिटावा म्हणून मी झूल त्यांच्याकडे सोपवली.

ही माझी मुत्सद्देगिरी होती, पण सासूबाईंचा हात लहान मापाला सरावलेला नाही. उभा जन्म त्यांनी माणसांच्या मापाच्या गोधड्या शिवल्या आहेत. इरकलीचा एक तुकडा, त्याला खणाची पट्टी, पट्टीला शोभेल म्हणून आणखी एक तुकडा, असे करीत झूल हत्तीच्या पोटाखाली उतरली, मग गुडघ्यांपर्यंत आली, आणि एके दुपारी मी पाहिले तेव्हा समोर हत्ती नव्हताच. एक अत्यंत सुबक गोधडी चार पायांवर उभी होती. "पोराला पुढं पांघरायला होईल," असे त्या म्हणाल्या. टाके इतके बारीक आणि सारखे होते, की कापायची म्हटली तरी कात्री चालेना. शेवटी झूल दुहेरी करून हत्तीवर घातली आणि बंद लावून बांधली.

भरण्याचा प्रश्न आला तेव्हा घरात सरळ दोन तट पडले. सासूबाई सावरीच्या कापसाच्या बाजूच्या. तो मऊ असतो, यात शंका नाही, पण त्याचे तंतू इतके हलके आणि गुळगुळीत असतात, की पिशवीचे तोंड उघडताना पंखा चालू असेल तर कापूस हत्तीत जाण्याऐवजी देव्हाऱ्यापर्यंत जातो. साधा कापूस धुतल्यावर गोळे धरतो आणि लवकर वाळत नाही. म्हणून मी पॉलिस्टरचे फायबर आणले. अर्धा किलो फायबरची पिशवी आपल्या अंगावर सोफ्यासारखी पसरते आणि तीच हत्तीत शिरली की कुठे गडप होते ते कळत नाही. भरताना मोठा बोळा कोंबायचा नसतो. सुपारीएवढे पुंजके पिंजून, आधी सोंडेचे टोक, मग पाय, मग डोके, असे दूरच्या कोपऱ्यापासून मागे यायचे असते. मान सर्वांत घट्ट भरावी लागते, नाहीतर दोन दिवसांत प्राण्याचे डोके खाली जाते आणि तो कर्जबाजारी दिसू लागतो. या टप्प्यावर यांनी हत्ती पुढे का कलतो याचे गुरुत्वमध्यासह विवेचन केले आणि मागच्या पायांत दोन नटबोल्ट टाकण्याचा उपाय सुचवला. मी सोंडेतले फायबर थोडे काढले आणि पाय आणखी ठासले. हत्ती उभा राहिला. नटबोल्ट अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत.

मशीनची परीक्षा कानांनी घेतली. कानाची दोन कापडे, त्यांतले दोन थर आणि डोक्याची दोन कापडे मिळून सहा थर एका टिपेखाली यायचे होते. शिवणीच्या जागेतला वॅडिंगचा थर टिपेच्या अगदी जवळून कातरून टाकला, सोळा नंबरची सुई घातली, तरी मशीन त्या ठिकाणी आले की नारळ न फुटलेल्या माणसासारखे थांबे. पायडल सोडून हाताने चाक फिरवत एकेक टाका घालावा लागला. प्रत्येक टाक्याला असा काही आवाज होई, की सासूबाई आतून विचारत, "सुई की हत्ती?"

हे आटोपते तोच शेजारची तिसरीतली मुलगी खेळायला आली आणि हत्तीच्या पायांकडे पाहून तिने नखे कुठे आहेत असे विचारले. तिच्या प्रकल्पवहीनुसार आशियाई हत्तीला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना बहुधा चार-चार नखे असतात. आफ्रिकेतल्या गवताळ प्रदेशातल्या हत्तीला त्याहून कमी. हत्ती आफ्रिकेचा आहे असे सांगून मी चार नखे वाचवण्याचा प्रयत्न केला, पण तिने कानाचा आकार तपासला आणि तो दावा फेटाळला. अठरा नखे भरतकामाने झाली. त्यांतली काही मागच्या पायावरच्या घडीजवळ, म्हणजे हत्ती आता बूट घालून कचेरीत निघाला.

डोळ्यांसाठी मी काळी बटणे आणून ठेवली होती, परंतु मुलाने ती हातातून काढून घेतली आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना सुटे होऊ शकतील असे बारीक भाग नसावेत, हा नियम वाचून दाखवला. भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचे, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचे, प्रमाणचिन्ह सक्तीचे आहे, हेही त्याने सांगितले. आपला हत्ती विकायचा नाही म्हणून मला हायसे वाटले, पण यांना त्यात तपासणीची संधी दिसली. विमानप्रवासाच्या वेळी बॅग तोलायचा काटा आणून त्यांनी तो कानाला अडकवला आणि दर किलोला वहीत नोंद करीत कान ओढला. कान निघाला नाही. काट्याचा आकडा तेवढा वाकला.

मग डोळे दोऱ्याचेच भरायचे ठरले. रंगीत डोक्याच्या टाचण्या लावून जागा ठरवताना लक्षात येते, की प्राण्याचा सगळा स्वभाव त्या दोन ठिपक्यांत असतो. ते जरा जवळ आणले की हत्ती लबाड दिसतो, लांब नेले की घाबरलेला, वर सरकवले की नुकतेच काहीतरी विसरलेला. एका जागी टाचण्या ठेवताच सासूबाईंनी हातातले काम सोडले आणि "अगं, हे तर आपले धाकटे मामंजी!" असे म्हणून पदर डोक्यावर घेतला. मी टाचण्या काढल्या, पण तोवर घरातल्या प्रत्येकाला हत्तीत कोणी ना कोणी दिसू लागले होते. यांना त्यात त्यांचे जुने साहेब दिसले. मुलाला मी दिसले. अखेर ज्या जागी कोणालाच कोणी आठवले नाही, त्या जागी डोळे भरले, आणि टाचण्या मात्र मी दोनदा मोजून डबीत ठेवल्या.

वाढदिवसाच्या दिवशी बाळाने हत्तीचे तोंड न पाहता त्याचा कान तोंडात घातला आणि समारंभ संपेपर्यंत तो चघळला. लोकांनी झुलीची फार स्तुती केली. सासूबाईंनी ती बसल्या जागी, दर वेळी जरा जास्त नम्रपणे, स्वीकारली. भाचीच्या सासूबाईंनी पुढच्या वर्षी जिराफ चालेल असे सुचवले, तेव्हा हे उठून पाणी प्यायला गेले.

काही दिवसांनी भाचीने मोबाईलवर फोटो पाठवला. हत्ती धुतला होता आणि गच्चीतल्या दोरीवर दोन्ही कानांना चिमटे लावून टांगला होता. मी फोटो मोठा करून कानाची शिवण पाहिली. ओल्या हत्तीचा सगळा भार त्या सहा थरांवर होता आणि टीप जराही फाकलेली नव्हती. यांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला, फोटो खाली सरकवला आणि बराच वेळ मागचा पाय पाहत राहिले. "घडी बघ," ते म्हणाले. "धुतल्यावरसुद्धा मोडली नाही. कापड होतं ते!"