मशेरीला मुभा, औषधाला बेडी

आज सकाळी पेपरात फोटो बघितला. जप्त केलेल्या गांजाची पोती, मागे पोलीस ओळीनं उभे. पेपर मिटून ठेवला. मला मावशीच आठवली.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिची तीस वर्षं गेली. दातांना रोज मशेरी. तोंडाचा कॅन्सर झाला तेव्हा गल्लीत कुणालाच नवल वाटलं नाही. बेळगावहून केमो घेऊन आली की दुसऱ्या दिवसापासून उलट्या. गोळ्या दिलेल्या, पण गोळीच पोटात राहायची नाही. तसराळं मांडीवर धरून बसायची, "पोरी, पेज बी ठरंना बघ" म्हणायची.

शेजारच्या काकांनी हळूच सांगितलं, थोडा गांजा मिळतोय, ओढू दे, चार घास जातील. मी त्यांना दारातनं परत पाठवलं. पोलीस, माझी नोकरी, माझी पोरं, सगळं डोळ्यांपुढं आलं.

अमली पदार्थांवरचा आपला एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्याच साली अमेरिकेत गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, प्रयोगशाळेत बनवून त्याची कॅप्सूल मंजूर झाली. कुणासाठी? केमोच्या उलट्या नेहमीच्या औषधांनी थांबत नाहीत त्यांच्यासाठी. म्हणजे नेमकी माझी मावशी! चाळीस वर्षं झाली या गोष्टीला. आणि त्याच कायद्याचं दहावं कलम राज्य सरकारला गांजाची लागवड, विक्री, वापर यांचे परवाने द्यायचा आणि नियम करायचा अधिकार देतं. औषधासाठी कायद्यात वाट आहे. २०२० साली संयुक्त राष्ट्रांत गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढायचं ठरलं तेव्हा भारतानं बाजूनं मत दिलं. तिकडं हात वर करता, आणि इथं आमच्या पेशंटनं काय करायचं?

बेंगळूर म्हणतं बेळगाव आमचं, मुंबई म्हणते आमचं. मग आमची दुखणीपण तुमचीच म्हणा की! आधी कोण नियम करतंय बघू.

पोरं नादाला लागतात, खरं आहे, माझ्याच गल्लीत बघितलंय. म्हणून तर नियम हवेत. कॅन्सरच्या डॉक्टरची चिठ्ठी, ठरलेली मात्रा, परवान्याचं दुकान, रजिस्टरला नोंद. याच झाडाची आयुर्वेदिक औषधं 'विजया' नावानं कायदेशीर मिळतात, तेही मान्य. पण केमोच्या वॉर्डात आम्हाला त्याबद्दल एका शब्दानं कुणी बोललं नाही. आणि ज्या तंबाखूनं तिचा जबडा खाल्ला ती कोपऱ्यावरच्या दुकानात उघड्यावर, शाळेतल्या पोराच्या हाताला लागेल अशी.

राग त्या पोलिसांवर नाही. ते त्यांचं काम करतात. राग थोडा माझ्यावरच आहे, खोटं कशाला बोलू. मी काकांना निदान घरात तरी घ्यायला हवं होतं.

शेवटच्या आठवड्यात तिनंच विचारलं, "त्यो शेजारचा मला काय देत हुता गं?"

मी म्हटलं, काही नाही मावशी, झोप.